साठीनंतरचा चष्मा: शोभेल अशी फ्रेम निवडताना पडणारे प्रश्न

साठीच्या पुढच्या बायका नंबर तपासून घेताना नेटाने प्रश्न विचारतात. फ्रेम बघायची वेळ आली की मात्र "कुठलीही दाखवा हो, आता या वयात काय नटायचंय?" असं म्हणून हाताला लागेल ती उचलतात. घरातल्या सगळ्यांचे चष्मे मनासारखे झाले की मग आईचा, तोही जुन्याच फ्रेममध्ये काचा बदलून. चष्म्याच्या दुकानात काम करताना मला हे मनापासून खटकतं. पैठणी सणासुदीला नेसतो. चष्मा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत चेहऱ्यावर असतो. म्हणून काउंटरवर रोज येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर देते आहे.

वय वाढलं म्हणून फ्रेम बदलायला हवी का? मी पंधरा वर्षं एकाच आकाराची वापरते.

वय किती झालं यापेक्षा चेहऱ्यात काय बदललं ते बघा. भुवया विरळ होतात आणि जरा खाली उतरतात. वरच्या पापणीची कातडी सैल पडते, गालांचा भरीवपणा कमी होतो, डोळ्यांखाली फुगवटा किंवा काळेपणा दिसू लागतो. पंधरा वर्षांपूर्वी अरुंद, आयताकृती फ्रेमची चलती होती. अनेकींच्या चेहऱ्यावर ती अजून आहे. तिची खालची कड नेमकी डोळ्याखालच्या फुगवट्यावर येते आणि जे झाकायचं तेच अधोरेखित करते. तिच्याहून थोडी उंच फ्रेम घेतली की खालची कड फुगवट्याच्या खाली, गालाच्या सुरुवातीला येते आणि डोळ्याभोवती मोकळी जागा दिसते. चार-पाच मिलिमीटरच्या फरकाने चेहरा ताजातवाना वाटतो, हे मी रोज बघते.

गोल चेहऱ्याला चौकोनी आणि चौकोनी चेहऱ्याला गोल फ्रेम, हा नियम खरा आहे का?

अर्धवट. चेहऱ्याच्या ठेवणीच्या उलट आकार घेतला की समतोल साधतो, इतपत तो बरोबर आहे. पण बहुतेक चेहरे ना धड गोल असतात ना चौकोनी. मी आधी तीन गोष्टी बघते.

पहिली म्हणजे भुवई. फ्रेमची वरची कड भुवईच्या वळणाला धरून जायला हवी, भुवईवर किंवा तिच्या किंचित खाली. भुवई एकीकडे चालली आहे आणि फ्रेम दुसरीकडे, असं झालं की चेहरा कायम गोंधळलेला किंवा रागावलेला दिसतो. भुवया फार विरळ झाल्या असतील तर वरची कड ठळक आणि खालची बारीक, किंवा खाली कडच नाही, अशी फ्रेम घ्या. वरची कड भुवईचं काम करते आणि पेन्सिलने भुवया रंगवण्याची गरज बरीचशी संपते.

दुसरी म्हणजे बाहुली. समोर बघताना डोळ्याची बाहुली काचेच्या मध्याच्या जरा वर आणि आडव्या मापात जवळजवळ मधोमध असावी. बाहुल्या नाकाकडे सरकलेल्या दिसल्या तर फ्रेम तुम्हाला मोठी आहे, बाकी कितीही सुंदर असो.

तिसरी म्हणजे रुंदी. फ्रेम कानशिलांच्या रुंदीइतकी असावी. बाहेर पंखांसारखी निघाली तर चेहरा ओढलेला दिसतो. कानशिलांत रुतली तर गाल भरलेले दिसतात आणि संध्याकाळपर्यंत डोकंही दुखतं.

काडीच्या आत ५२, १७, १४० असे आकडे असतात. त्यांचं काय करायचं?

ते जपून ठेवायचे. ५२ ही एका काचेची आडवी रुंदी, १७ हे नाकावरच्या ब्रिजचं अंतर आणि १४० ही काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा अंगाला बरोबर बसत असेल तर नवीन फ्रेमचे आकडे त्याच्या आसपास ठेवा.

या आकड्यांवरून आणखी एक हिशेब करता येतो. ५२ आणि १७ मिळून ६९. तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर समजा ६० आहे. म्हणजे प्रत्येक डोळ्याला काचेचा मध्य साडेचार मिलिमीटर नाकाकडे सरकवून घ्यावा लागणार. मायनस नंबर असेल तर बाहेरची कड जाड होते. प्लस असेल तर मोठ्या भिंगातून काच कापावी लागते आणि सगळीच काच फुगीर, जड येते. तुमचं बाहुल्यांचं अंतर किती ते दुकानात विचारा. ते मोजल्याशिवाय चष्मा बनतच नाही, त्यामुळे सांगायला कुणी कुरकुर करणार नाही.

नंबरचा चष्मा काढून ठेवला की आरशात मला काहीच दिसत नाही. मग फ्रेम पसंत कशी करू?

हा प्रश्न विचारायला बायका संकोचतात आणि मग सुनेच्या किंवा सेल्समनच्या पसंतीवर घरी जातात. दुकानातल्या फ्रेममध्ये बिननंबरी प्लास्टिक असतं, त्यामुळे मायनस चार-पाच नंबर असणाऱ्या बाईला आरशात धुकं दिसतं. प्लस नंबर असेल तर आरशाजवळ गेल्यावर आणखीच धूसर.

उपाय सोपा आहे. फ्रेम घालून फोनवर फोटो काढून घ्या: एक समोरून, एक बाजूने, एक हसताना. मग स्वतःचा चष्मा लावून शांतपणे बघा. फोन हातभर लांब धरून सेल्फी काढू नका, त्यात नाक मोठं आणि फ्रेम वाकडी दिसते. दुसऱ्या कुणाला पाच-सहा फुटांवरून काढायला सांगा. समोरचा माणूस तुम्हाला साधारण तेवढ्याच अंतरावरून बघतो. तीन-चार फ्रेम शेजारी शेजारी पाहिल्या की निवड आपोआप होते. फोटो काढायला नको म्हणणाऱ्या दुकानात फ्रेम घेऊच नका.

सोबत कुणाला न्यायचं? मुलगी तिच्या वयाला शोभेल ते सुचवते आणि नवरा बहुधा जुन्यासारखीच घ्यायला सांगतो. तुमच्या वयाची, तोंडावर खरं बोलणारी मैत्रीण सगळ्यात उपयोगी.

केस पांढरे झालेत. कुठला रंग घेऊ?

पांढऱ्या केसांना रंग फार सुंदर दिसतात. तरी सगळ्या बायका सोनेरी नाहीतर तपकिरी तारेच्या फ्रेमकडे वळतात. पूर्ण पांढरे किंवा राखाडी केस असतील तर आमसुली, मोरपंखी, गर्द निळा, वांगी, डाळिंबी हे रंग बघाच. चेहऱ्याला जो उठाव पूर्वी काळ्याभोर केसांनी यायचा, तो आता फ्रेम देते. काळा ठसठशीत रंगही चालतो. फॅशनसाठी गाजलेल्या न्यूयॉर्कच्या आयरिस ॲपफेल २०२४ मध्ये १०२ व्या वर्षी गेल्या. पांढरे केस आणि भल्या मोठ्या गोल काळ्या फ्रेम ही त्यांची ओळख होती. तेवढी मोठी फ्रेम आपल्याकडे रोजच्या वापराला जड होईल, पण पांढऱ्या केसांवर काळा रंग किती खुलतो हे कळायला त्यांचा एखादा फोटो पुरे.

केस रंगवत असाल तर काळ्यापेक्षा मधाळ-तपकिरी ठिपक्यांची फ्रेम मऊ दिसते. मेंदीमुळे तांबूस छटा असेल तर शेवाळी किंवा तांब्याच्या रंगाची बघा. सावळ्या कांतीवर गर्द लाल, जांभळा आणि जुन्या सोन्याचा रंग उठून दिसतो. गव्हाळ कांतीवर आमसुली आणि हिरवा छान. कातडीच्याच रंगाची फिकट फ्रेम मात्र मी सहसा कुणाला देत नाही. ती दिसत नाही, पण चेहऱ्याचं तेजही घेऊन जाते.

रंग दुकानाच्या पांढऱ्या दिव्यात ठरवू नका. दारापर्यंत या, उन्हाच्या उजेडात बघा.

कॅट-आय फ्रेम या वयात शोभेल का?

याच वयात जास्त शोभते. वय वाढतं तशा चेहऱ्यावरच्या रेषा खाली झुकतात. कॅट-आयचे वर वळलेले कोपरे नजर वर नेतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये डिझायनर आल्टिना शिनासी यांनी बायकांसाठी असा वर वळलेला आकार आणला, कारण दुकानाच्या काचेत दिसणाऱ्या फ्रेम त्यांना फार कळकट वाटल्या होत्या. आज टोकदार शिंगांसारखे कोपरे घ्यायची गरज नाही. कोपरा भुवईच्या शेवटापेक्षा किंचित वर असला की पुरतं. खाली उतरत्या कोपऱ्यांचा, अश्रूच्या थेंबासारखा आकार मात्र टाळा. त्याने डोळे थकलेले दिसतात.

रिमलेस, म्हणजे काचेभोवती कड नसलेली फ्रेम हलकी असते. ती घेऊ का?

नंबर कमी आणि हात सांभाळून वापरणारे असतील तर घ्या. मायनस नंबर जास्त असेल तर काचेची जाड कड उघडी दिसते. शिवाय रिमलेसमध्ये काचेला भोकं पाडून काडी बसवतात. नातवंडं ओढणार असतील तर तडा जातो. घ्यायचीच असेल तर काच पॉलिकार्बोनेटसारखी चिवट मागा.

चष्मा सारखा घसरतो आणि नाकावर खुणा पडतात.

उतारवयात नाकावरची कातडी पातळ होते, म्हणून खुणा लवकर पडतात आणि उशिरा जातात. पुष्कळजणी दोष नाकाला देतात, दोष असतो बसवण्यात. काडीचा वाक कानाच्या वरच्या टोकापाशी सुरू व्हायला हवा. वाक मागे असेल तर चष्मा पुढे येणारच, मग नोजपॅड (नाकावर टेकणाऱ्या गाद्या) कितीही घट्ट करा.

नाकाचा वरचा भाग बसका असेल तर नोजपॅड असलेली फ्रेम घ्या. ते आतबाहेर वळवून नाकाला जुळवता येतात. अ‍ॅसिटेटची म्हणजे जाडसर प्लास्टिकची फ्रेम नाकावर सपाट बसते, तिला सहसा वळवता येणारे पॅड नसतात. पण ती गरम करून कानामागे छान वळवता येते. टीआर-९० नावाच्या नायलॉनच्या फ्रेम अगदी हलक्या आणि स्वस्त मिळतात, मात्र त्या हव्या तशा वळवून ठेवता येत नाहीत. दुकानात बरोबर बसली तरच घ्या, "नंतर ॲडजस्ट करून देऊ" यावर विसंबू नका.

पॅडखाली हिरवट थर जमतो तो तांब्याच्या मिश्रधातूवर घामाची क्रिया होऊन. कोकणात, मुंबईत दमट हवेने तो लवकर येतो. पॅड थोड्या पैशांत बदलून मिळतात, दर वर्षी बदला. कातडीला खाज, काळे डाग येत असतील तर निकेलची ॲलर्जी असू शकते. टायटॅनियम किंवा अ‍ॅसिटेट घ्या. वाकवली तरी सरळ होणाऱ्या लवचिक धातूच्या फ्रेममध्ये बरेचदा निकेल असतं, हे लक्षात ठेवा.

प्रोग्रेसिव्ह काचांसाठी फ्रेम कशी हवी?

इथे शोभेच्या आधी माप. प्रोग्रेसिव्हमध्ये वर लांबचं, मधे कॉम्प्युटरच्या अंतराचं आणि खाली वाचायचं, असे भाग एकाच काचेत उतरत जातात. ते सगळे मावायला काचेची उंची साधारण तीस मिलिमीटर हवी आणि बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत अठरा मिलिमीटर. कमी उंचीच्या फ्रेमसाठी आखूड डिझाइन मिळतात, त्यांना चौदाच्या आसपास चालतं. पण त्यात वर्तमानपत्र वाचायची जागा चिंचोळी होते. चिमुकली फ्रेम घेऊन "प्रोग्रेसिव्ह मला सोसलेच नाहीत" म्हणणाऱ्या कितीतरी जणी येतात. काच चांगली असते, तिला जागाच मिळालेली नसते.

मापं घेताना फ्रेम आधी नाकावर, कानावर पक्की बसवून मगच बाहुलीची खूण करायला सांगा. तुम्ही नेहमी उभ्या राहता तशा उभ्या राहा, मान ताठ करू नका.

आणि जिने. बायफोकल असो की प्रोग्रेसिव्ह, खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. उतरताना हनुवटी खाली करून वरच्या भागातून बघायची सवय लावा. तोल जात असेल, आधी पडला असाल, तर बाहेर फिरायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवा.

माझे डोळे काचेतून भलतेच मोठे दिसतात.

प्लस नंबर डोळे मोठे दाखवतो, मायनस लहान. मोठे दिसत असतील तर छोटी, गोलसर फ्रेम घ्या. काच लहान कापली की मधली जाडी उतरते. ती डोळ्याच्या जवळ बसवून घ्या, आणि फुगवटा कमी असलेली ॲस्फेरिक काच मागा. काजळ-लायनरही मोठं दिसतं, म्हणून हलक्या हाताने लावा.

लहान दिसत असतील तर १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची (इंडेक्स जितका जास्त तितकी काच पातळ) काच कडेला बारीक होते आणि अ‍ॅसिटेटची रुंद कड उरलेली जाडी झाकते. साध्या प्लास्टिकच्या काचेचा इंडेक्स १.५० असतो. दोन-अडीच नंबरला १.७४ घेऊन पैसे घालवण्यात अर्थ नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्मा लगेच करू का?

थांबा. नंबर स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. डॉक्टर सांगतील तेव्हाच करा. तोवर लागलंच तर तयार मिळणारा वाचायचा चष्मा वापरा. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लवकरच असेल तर महागडी काच आत्ता घेऊ नका.

डोळ्यात एकाच अंतराची साधी लेन्स बसवली असेल तर लांबचं स्वच्छ दिसतं आणि वाचायला अडीचच्या आसपास प्लस नंबर लागतो. चाळीस वर्षं मायनस आठ घालून वावरलेल्या बाईला अचानक चष्म्याशिवाय आरशासमोर उभं राहिलं की चेहरा उघडा वाटतो, डोळ्यांखालची वर्तुळं पहिल्यांदाच दिसतात. काहीजणींना त्याचा खरोखर त्रास होतो आणि त्या कुणाला सांगत नाहीत. वर नंबर नसलेली आणि खाली वाचायचा नंबर असलेली काच छानशा फ्रेममध्ये बसवून घ्या. चष्मा तुमच्या चेहऱ्याचा भाग झाला असेल तर तो ठेवायला काहीच हरकत नाही.

मधुमेह आहे. नंबर सारखा बदलतो.

साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. साखर काही आठवडे आटोक्यात असताना तपासणी करा, मगच फ्रेम आणि काचा घ्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा, नंबर बदलला नसला तरी.

कानामागे श्रवणयंत्र आहे.

जाड काडी आणि यंत्र एका जागेत मावत नाहीत. टोकाला बारीक धातूची काडी घ्या आणि यंत्र लावूनच फ्रेम घालून बघा. चष्मा दोन्ही हातांनी सरळ पुढे ओढून काढा. एका हाताने बाजूला ओढला की यंत्र निघून पडतं.

टिकली, अंबाडा, नथ यांचा विचार करायचा का?

जरूर. दुकानात रोजच्यासारख्या तयार होऊन या. मोठं कुंकू लावत असाल तर फ्रेमचा ब्रिज फार वर नको, दोन्हींची गर्दी होते. अंबाडा खाली, मानेपाशी बांधत असाल तर लांब काडीचं टोक केसांत घुसतं आणि चष्मा पुढे ढकलला जातो. कानात मोठी कुडी किंवा वेल असतील तर काडीवर खडे आणि नक्षी नको. नथ लग्नाकार्यापुरती घातली तरी गालावर टेकणाऱ्या खालच्या कडेला तिचा मोती अडतो, एकदा घालून बघा.

केसांना तेल लावत असाल तर अ‍ॅसिटेटची काडी रोज पुसा. तेल आणि घामाने टोकं पांढुरकी पडतात. मेंदी किंवा डाय लावताना जुना चष्मा घाला, डाग निघत नाही.

फोटोत काचेवर लखलखाट येतो. ब्लू-कट (निळा प्रकाश अडवणारी) काच घेऊ का?

लखलखाट घालवतं ते अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग. त्याने डोळे दिसतात, समोरच्याला तुमची नजर भेटते. माझ्या मते फ्रेमवरचे पाचशे रुपये कमी करावेत पण हे कोटिंग चांगलं घ्यावं. ब्लू-कटने डोळ्यांचा ताण कमी होतो असं सांगून विकतात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा साध्या काचेच्या तुलनेत तसा फायदा दिसला नाही. शिवाय काही ब्लू-कट काचांना पिवळट छटा असते, ती डोळ्याभोवतीची कातडी निस्तेज दाखवते.

रस्त्यावर मिळणारा तयार वाचायचा चष्मा चालतो का?

पोथी वाचायला, औषधाच्या बाटलीवरचं बघायला चालतो. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंडर (तिरकस दिसण्यासाठीचा नंबर) नसतो, म्हणून तासन्‌तास वाचलं की डोकं धरतं. त्या अर्ध्या चंद्रकोरीसारख्या फ्रेम नाकाच्या शेंड्यावर ठेवून वरून बघितलं की चेहरा आहे त्याहून म्हातारा दिसतो. पूर्ण उंचीची घ्या.

किती खर्च करावा?

आधी काचेला, मग फ्रेमला. पण फ्रेमला अगदीच उरलेसुरले नकोत. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यांवरचा जीएसटी पाच टक्के झाला आहे, पक्कं बिल मागा. बिलावर काचेची कंपनी, इंडेक्स आणि कोटिंग लिहून घ्या. नंबर लवकर बदलणार नसेल आणि ऐपत असेल तर दोन फ्रेम करा: रोजची हलकी, आणि बाहेर जायची तुमच्या आवडीच्या रंगाची.

चष्मा ताब्यात घेताना काय तपासू?

टेबलावर उलटा ठेवा, चारही टेकू (दोन्ही काचांच्या वरच्या कडा आणि दोन्ही काड्या) टेकले पाहिजेत. घालून मोठ्याने हसा; गाल वर आल्यावर फ्रेम उचलली जात असेल तर नोजपॅड वळवून घ्या, नाहीतर काचेला रोज गालाचे डाग पडतील. पापण्या काचेला लागत नाहीत ना बघा. खाली वाकून चप्पल उचला, चष्मा जागेवर राहिला पाहिजे. दाराबाहेरची पाटी आणि हातातलं बिल, दोन्ही वाचा. जुना चष्मा देऊन टाकू नका, नवीन तुटला तर तोच उपयोगी येतो. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानात जा. वापराने स्क्रू आणि पॅड थोडे हलतात. ते नीट करून द्यायचे पैसे बहुतेक दुकानं घेत नाहीत.